लॉगिनचं काम हाती घेतलेल्या भाचीस

पतसंस्थेच्या सभासदांना घरबसल्या खातं बघता यावं म्हणून वेबसाइट करायचं काम तुला मिळालं, आणि 'लॉगिन काय, दोन दिवसांत उरकेल' असं तू घरी म्हणालीस, ही बातमी ताईकडून माझ्यापर्यंत आली. दोन दिवसांत फॉर्म उरकतो, हे खरं. घोळ होतात ते फॉर्मच्या आजूबाजूला: 'पासवर्ड विसरलात?'च्या लिंकमध्ये, बदललेल्या मोबाइल नंबरात, लॉग फाइलमध्ये, आणि शाखेत सगळ्यांना पाठ असलेल्या त्या एका यूजरनेममध्ये. माझा सगळा जोर तिथेच राहणार आहे.

फॉर्म तर तू लिहूच नकोस. जँगो घेतलंयस ना, मग त्याचंच ऑथ वापर. लारावेल घेतलं असतंस तर त्याचं वापर म्हटलं असतं, जावा असती तर स्प्रिंग सिक्युरिटी. या लायब्रऱ्यांमध्ये अशा गोष्टी आहेत की ज्या आपल्याला सुचणारच नाहीत. एकच दाखवतो. कुणी नसलेलं खातं टाकून लॉगिन करायला गेलं, तर तपासायला पासवर्डच नाही, म्हणजे सर्व्हर झटकन 'नाही' म्हणून मोकळा होईल. खातं असेल तर हॅश करण्यात थोडा वेळ जातो. या फरकावरून बाहेर बसलेला माणूस तुझ्या सभासदांची यादी तयार करू शकतो. म्हणून जँगो खातं सापडलं नाही तरी एकदा फुकटचा हॅश करतं, दोन्ही उत्तरांना सारखाच वेळ लागावा म्हणून. शिवाय लॉगिन होताक्षणी सेशनची किल्ली बदलते, आणि पासवर्ड बदलला की त्या माणसाची दुसरीकडे उघडी राहिलेली सेशन आपोआप मरतात. हे सगळं आयतं मिळतंय, तिथे हुशारी दाखवू नकोस.

मात्र पहिलं मायग्रेशन चालवायच्या आधी स्वतःचं यूजर मॉडेल कर. रिकामं असलं तरी चालेल, पण तुझं असू दे. जँगोच्या कागदपत्रांतही हेच लिहिलंय आणि नवशिके नेमकं तेवढंच वाचायचं सोडतात. निम्मं काम झाल्यावर ते बदलायला गेलीस तर प्रत्येक टेबलाचे धागे नव्याने जुळवत बसशील.

त्या मॉडेलमध्ये माणसाची ओळख कशावर ठेवायची? चेअरमन म्हणतील, मोबाइल नंबरावर ठेवा, सगळ्यांकडे असतो. घरात असतो, सगळ्यांकडे नसतो. पतसंस्थेत नवरा सभासद, बायको सभासद, म्हातारी आई सभासद, आणि तिघांच्या अर्जावर नंबर थोरल्या मुलाचा. नंबर एकमेव असलाच पाहिजे अशी अट डेटाबेसला घातलीस की आयात पहिल्याच दिवशी अडेल. अट काढलीस तर मुलाच्या फोनवर आलेल्या ओटीपीने आईची ठेव उघडेल. त्यात भर म्हणजे नंबर कायमचा कुणाचा नसतो. आपल्याकडे बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस राखून मग दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. रिचार्ज न केलेल्या काकांचा नंबर वर्षभराने नांदेडच्या एखाद्या पोराकडे असेल, आणि तुझ्या डेटाबेसात तो काकांचाच असेल. म्हणून ओळख सभासद क्रमांकावर ठेव. नंबर हा निरोप पोचवायचा मार्ग आहे, त्याला वेगळं टेबल दे, आणि तो शेवटचा कधी तपासला ती तारीख शेजारी ठेव.

नंबर बदलायचा अर्ज हाच मग सगळ्यात नाजूक कागद होतो. 'माझा फोन हरवलाय, नवा नंबर लावा' असं फोनवर सांगणाऱ्याचं काम क्लार्क दयेपोटी करून टाकतो. तसं बटणच क्लार्कला देऊ नकोस. सभासदाने शाखेत यावं, पासबुक आणि ओळखपत्र दाखवावं, एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मंजूर करावी. जुन्या नंबरावर 'तुमचा नंबर बदलला जात आहे' असा निरोप जाऊ दे, आणि बदल दुसऱ्या दिवशी लागू होऊ दे. कुरकुर होईल. होऊ दे.

आता ओटीपी. सहा आकडी ओटीपी म्हणजे १० लाख शक्यता; ऐकायला पुष्कळ वाटतात, पण यंत्राला काहीच नाहीत. २०१६ साली बंगळूरच्या आनंद प्रकाश या तरुणाने दाखवून दिलं, की फेसबुकच्या मुख्य साइटवर चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा होती, पण त्यांच्याच बीटा पत्त्यावर ती नव्हती. सहा आकडे ओळीने टाकत जायचे, की कुणाचाही पासवर्ड बदलता येत होता. कंपनीने त्याला १५ हजार डॉलर बक्षीस दिलं. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथैया याने इन्स्टाग्रामची मर्यादा वेगळ्या वाटेने चुकवली: हजारभर आयपी पत्त्यांवरून एकाच वेळी विनंत्यांचा मारा करून. तू 'किती प्रयत्न झाले ते वाच, एक मिळव, पुन्हा लिही' असं सरळ लिहिशील, तर एकदम आलेल्या शंभर विनंत्या सगळ्या 'शून्य' वाचतील आणि आत जातील. मोजणी डेटाबेसच्या एकाच फटक्यात व्हायला हवी. जँगोत त्यासाठी एफ-एक्स्प्रेशन आहे. पाच चुका झाल्या की तो ओटीपी मेला. नवा मागवता येईल, पण तासाला किती, यालाही मर्यादा. नाही तर कुणी रात्रभर तुझ्या फॉर्मवरून एसएमएस सोडत बसेल आणि बिल संस्थेला येईल.

एसएमएसचा मजकूर मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदवावा लागतो, त्याला वेळ जातो. तो अर्ज आजच करायला सांग. मजकूर मराठीत ठेवायचा असेल तर एका एसएमएसात ७० चिन्हं मावतात, इंग्रजीसारखी १६० नाहीत, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'आदरणीय सभासद' या मायन्यातच बरीच जागा जाईल. आकडा आधी, संस्थेचं नाव नंतर, आणि 'कुणालाही सांगू नका' एवढं पुरे.

इथे आपल्या लिपीचं एक लचांड आहे, ते इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की काही जण ओटीपी देवनागरी आकड्यांत टाकतात. ४८२९१३ त्यांना बरोबरच दिसतो, तुझ्या कोडला मात्र तो वेगळा मजकूर वाटतो. पायथनची गंमत अशी, की इंटने आकडा केलास तर देवनागरी आकडे त्याला कळतात; पण मग सुरुवातीचं शून्य गळतं आणि ०४२९१३ चं ४२९१३ होतं. ओटीपी मजकूर म्हणूनच ठेव, देवनागरी आकडे आधी बदलून घे, मग तुलना कर. रकान्याला इनपुटमोड न्यूमेरिक दे म्हणजे बहुतेकांना आकड्यांचाच कीबोर्ड येईल.

पासवर्डात हेच जास्त छळतं. समज, एखाद्या आजोबांनी पासवर्डात 'वऱ्हाड' शब्द घेतला. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह टाकून पुढे हलन्त देतो. दुसरा साधा र, हलन्त आणि मागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. हॅश मात्र पूर्ण वेगळा. आजोबांनी शाखेतल्या संगणकावर पासवर्ड ठेवला आणि घरी नातवाच्या फोनवर टाकला, की 'चुकीचा पासवर्ड'. जँगो यूजरनेमचं युनिकोड रूप सारखं करून घेतं, पासवर्डाचं नाही. आणि नेहमीचं एनएफसी रूप लावलंस तरी हे दोन र एक होत नाहीत, ते तुलाच एक करावे लागतात. पासवर्ड ठेवताना आणि तपासताना, दोन्हीकडे तेच फंक्शन लाव. हे पहिल्या सभासदाच्या आधी ठरव, कारण एकदा हॅश साठले की आतला र कुठला होता ते कुणालाच सांगता येत नाही. आणि रकान्याशेजारी 'पासवर्ड दाखवा' बटण ठेव. टिंबांमागे कुठला कीबोर्ड चाललाय ते माणसाला दिसत नाही.

बीक्रिप्ट वापरायचा मोह झाला तर आणखी एक. ते पहिले ७२ बाइट बघतं, पुढचं सोडून देतं. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे भरपूर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे २४ चिन्हांत दुकान बंद. एकटा 'वऱ्हाड' १८ बाइटचा. या ७२ ने मोठमोठ्यांना गाठलंय. लॉगिनचाच धंदा असलेल्या ओक्टा कंपनीने २०२४ मध्ये एके ठिकाणी ओळख-क्रमांक, यूजरनेम आणि पासवर्ड जोडून त्याचं बीक्रिप्ट केलं होतं. यूजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं, की ७२ बाइट तिथेच भरत आणि पासवर्डाची पाळीच येत नसे. ठरावीक परिस्थितीत कुठलाही पासवर्ड चालून जाई. जँगोचं नेहमीचं पीबीकेडीएफ२ या भानगडीत नाही. ५.२ आवृत्तीत ते १० लाख फेऱ्या करतं, आणि आवृत्ती वाढली की पुढच्या लॉगिनला जुना हॅश गुपचूप नव्या फेऱ्यांचा करून ठेवतं. आर्गॉन२ चांगलंच आहे, २०१५ ची स्पर्धा जिंकलेलं. सर्व्हरला मेमरी असेल तर घे. साधं शा-१ किंवा एमडी५ मात्र कुणी सुचवलं तर त्याला लिंक्डइनची गोष्ट सांग: २०१२ मध्ये सॉल्ट न घातलेले ६५ लाख हॅश बाहेर आले, आणि चार वर्षांनी कळलं की गेलेली खाती ११ कोटींच्या वर होती.

पासवर्डाचे नियम थोडके ठेव. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर ९० दिवसांनी बदला, हे सगळं अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेच २०१७ मध्ये नको म्हणून सांगितलं. अशा नियमांनी लोक गणपती@१२३ ठेवतात आणि तीन महिन्यांनी गणपती@१२४ करतात. लांबी माग, पेस्ट करू दे, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघ. प्वन्ड पासवर्ड्स या सेवेला पूर्ण पासवर्ड पाठवावा लागत नाही, हॅशची पहिली पाच अक्षरं दिली की जुळणारी यादी परत येते आणि तुलना आपल्याच सर्व्हरवर होते. त्यात संस्थेचं नाव, गावाचं नाव, साईराम, जयमहाराष्ट्र यांची तुझी स्वतःची यादी जोड. जँगोच्या यादीला शिर्डी माहीत नाही.

प्रयत्नांची मर्यादा लॉगिनलाही हवी, आणि ती जँगो देत नाही. अॅक्सेस नावाचं पॅकेज आहे, ते लाव. पण नुसत्या आयपीवर कुलूप घालू नकोस. मोबाइल कंपन्यांत हजारो ग्राहक एकाच आयपीमागे असतात, एका टवाळाने अख्खा तालुका बाहेर राहील. नुसत्या खात्यावर घातलंस, तर निवडणुकीच्या हंगामात विरोधी पॅनेलचा कुणीतरी संचालकांची खाती रोज सकाळी बंद पाडेल. दोन्ही मिळून मोज, आणि दिवसभर बंद करण्यापेक्षा दर चुकीला थांबायचा वेळ वाढवत ने.

'पासवर्ड विसरलात?' याचं उत्तर प्रत्येकाला एकच: 'खातं असल्यास सूचना पाठवली आहे.' लिंक एकदाच चालणारी हवी. जँगोच्या टोकनमध्ये जुना पासवर्ड-हॅश मुरवलेला असतो, त्यामुळे पासवर्ड बदलला की लिंक आपोआप निकामी होते. मुदत मात्र मूळची तीन दिवस आहे. ती तासाभरावर आण. आणखी एक डोकेदुखी: कचेऱ्यांच्या मेलमध्ये लिंक माणसाच्या आधी यंत्र उघडून तपासतं. जँगोची वाट नीट आहे, फॉर्म भरल्याशिवाय टोकन खर्च होत नाही. पण ईमेल पडताळणी तू स्वतः लिहिशील, तेव्हा लिंक उघडली की काम झालं असं करू नकोस. पानावर बटण ठेव, बटण दाबल्यावर टोकन वापर. नाही तर 'लिंक आधीच वापरली आहे' अशा तक्रारी येतील आणि तुला कारण सापडणार नाही. ईमेलवरून आठवलं, फोन पहिलं अक्षर आपसूक मोठं करतो, आणि जँगो ईमेलचा फक्त डोमेनचा भाग लहान करतं. सगळाच लहान करून साठव.

यूट्यूबवर जो तो जेडब्ल्यूटी शिकवतोय आणि ते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायला सांगतोय. तुला ते नको. पानात कुठूनही शिरलेली परकी स्क्रिप्ट तिथलं टोकन वाचू शकते, आणि दिलेलं टोकन मुदतीआधी परत घ्यायचं तर सर्व्हरवर पुन्हा यादी ठेवावी लागतेच. सभासदाचा फोन हरवला की शाखेतून त्याचं सेशन त्या मिनिटाला मारता आलं पाहिजे. सर्व्हरवरचं सेशन, कुकीत फक्त किल्ली. जँगोची कुकी एचटीटीपी-ओन्ली मुळातच असते, सिक्युअर मात्र तुला चालू करावं लागतं, आणि मुदत दोन आठवड्यांची असते, ती पैशाच्या कामाला फार झाली. पंधरा मिनिटं काही केलं नाही तर बाहेर. चेक डिप्लॉय ही आज्ञा एकदा चालव, ती बरंच काही ओरडून सांगते. तुझे निम्मे सभासद ई-सेवा केंद्रातल्या संगणकावरून बघणार आहेत, तेव्हा लॉगआउट करून मागे जायचं बटण दाबून बघ. शिल्लक दिसली तर पान ब्राउझरने साठवलंय. नो-स्टोअर हेडर राहिलाय.

लॉगिन झालेला माणूस कोण आहे ते कळलं, त्याला काय बघायचा हक्क आहे ते अजून कळलेलं नाही. पत्त्यात खात्याचा क्रमांक १०४५ असेल तर कुणीतरी १०४६ करणारच, आणि बहुधा तो तुझा परीक्षकच असेल. ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत याच प्रकारचा दोष पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर आला. खातं नुसतं क्रमांकावरून शोधू नकोस. लॉगिन झालेल्या सभासदाच्या खात्यांतूनच शोध, म्हणजे दुसऱ्याचं सापडणारच नाही. ५.१ पासून जँगोत सगळी पानं मुळात लॉगिनमागे ठेवणारं मिडलवेअर आहे, ते लाव आणि उघडी ठेवायची तेवढी पानं हाताने उघड.

लॉग फाइल. ट्विटरने मे २०१८ मध्ये ३३ कोटी लोकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. हॅश उत्तम होता, पण हॅश व्हायच्या आधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडा लिहिला जात होता. तू अडचण शोधायला आलेली विनंती जशीच्या तशी छापशील आणि ती ओळ काढायची राहील. पासवर्ड, ओटीपी, टोकन ही नावं गाळणारा फिल्टर आधी लाव, मग काय ते छाप.

गूगलने लॉगिन वगैरे या कामाला नको. पुढे कुठे लागलंच, तर ईमेलवर माणूस ओळखू नकोस, गूगल देतं त्या कायमच्या ओळख-क्रमांकावर ओळख. पासकी चांगल्या आहेत, खोट्या साइटवर त्या चालतच नाहीत. कर्मचाऱ्यांपासून सुरू कर, सभासदांना पुढच्या वर्षी.

कर्मचाऱ्यांचं शेवटी ठेवलं, कारण तिथे तुला भांडावं लागणार आहे. शाखेत एक 'काउंटर' नावाचं लॉगिन असतं, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, आणि सगळे त्यावरच. प्रत्येकाला स्वतःचं दे, दुसरा टप्पा लाव, आणि कोणी कधी कुठलं खातं उघडलं याची नोंद ठेव, नुसतं बघितलं असलं तरी. बदली झालेल्याचं खातं पुसू नकोस, निष्क्रिय कर. पुसलंस तर त्याने केलेल्या नोंदी कुणाच्या ते पुढे सांगता येणार नाही. 'एवढ्याचं काय करायचंय' असं कुणी म्हणालं, तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पुढे कर. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. हा आकडा सभेच्या इतिवृत्तात गेला की खर्च मंजूर होतो.

चेअरमन म्हणतील, मला सगळे अधिकार द्या. त्यांना सगळे अहवाल दिसू दे, बदलता एकही आकडा येऊ नये. सुपरयूजर दोनच: एक सचिवांकडे रोजचा, एकाचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत. काम सोपवशील त्या दिवशी तिसरा, म्हणजे तुझा स्वतःचा, त्यांच्यासमोर बंद कर आणि तो बंद झाल्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी घे. शेवटचं बिल त्या पत्राला जोडून दे.